करपात्र व्हायचं राहून गेलेले साडू

इन्कमटॅक्स भरायला मिळावा म्हणून आयुष्यभर झुरलेला माणूस या देशात एकच होऊन गेला, आणि ते माझे थोरले साडू. लोक कर चुकवायला वकील गाठतात, बायकोच्या नावावर शेती दाखवतात, नफ्याचा तोटा करतात. आमचे साडूभाऊ कर लागावा म्हणून ओव्हरटाइम करत. पिंपरीच्या एका पंपांच्या कंपनीत ते ग्राइंडिंगच्या मशीनवर होते आणि मी त्याच कंपनीच्या वर्क्स ऑफिसात कारकून. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, ती त्यांची बायको. या माणसावर मी एक अन्याय केला आहे आणि तो चाळीसहून अधिक वर्षं गिळून बसलो आहे. आता मी ऐंशी ओलांडली, साखर आणि मीठ दोन्ही बंद झालं, निदान हे तरी पोटातून बाहेर पडावं म्हणून लिहायला बसलो. पण अन्यायापाशी पोचायला जरा वेळ लागेल. साडूभाऊंची आठवण काढली की आधी हसू येतं, आणि ते मी अडवणार नाही.

हे वेड लागलं बासष्ट साली, चीनच्या लढाईत. मी तेव्हा पिंपरीत यायचा होतो, त्यामुळे ही हकीकत आक्काकडून ऐकलेली. कंपनीत सगळ्यांनी एक दिवसाचा पगार दिला, तसा यांनीही दिला. मग चिंचवड स्टेशनाजवळ सोनं गोळा करायला टेबल मांडलं होतं, तिथे जाऊन बोटातली लग्नातली अंगठी काढून दिली. घरी येऊन ते आक्काच्या नथीकडे बघायला लागले, तेव्हा आक्काने नथ ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरली आणि लढाई संपेपर्यंत त्यांना डब्याच्या आसपास फिरकू दिलं नाही. अंगठीची पावती मिळाली. तिच्यावर साडूभाऊंचं पूर्ण नाव होतं, खाली सरकारी शिक्का होता, आणि तिथेच घात झाला. सरकारने आपल्याला नावानिशी ओळखलं असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते कँटीनमधल्या वर्तमानपत्रात देशाच्या तिजोरीची तब्येत बघायला लागले. बघतात तर देशावर कर्ज, ते दरवर्षी वाढणारं, आणि सरकार तुटीचा अर्थभरणा करून, म्हणजे नोटा छापून, वेळ मारून नेतंय. घरातलं कुणी अंथरुणाला खिळावं तसे ते त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांचं बोलणं अस्सल मावळी, चाकणजवळच्या खेड्यातलं, पण मधूनमधून अग्रलेखातले शब्द खड्यासारखे लागायचे. भाकरी मोडता मोडता ते म्हणत, "पाव्हनं, परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली हाय, कोरड्यास जरा बेतानंच वाढा." कंपनीत त्यांना सगळे अर्थमंत्री म्हणत. सकाळी गेटवर कुणी ना कुणी म्हणायचंच, की राव, रॉकेल स्वस्त करा. साडूभाऊ सायकलवरून न उतरता सांगत, की तिजोरीत काही नाही, पुढच्या वर्षी बघू. देशाच्या कर्जाला लोकसंख्येने भागून माणशी वाटा किती येतो हे त्यांना तोंडपाठ असे. त्यामुळे घरात मूल जन्मलं की त्यांना खरा आनंद व्हायचा. माझ्या मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, की एक वाटेकरी वाढला, तेवढाच सगळ्यांवरचा भार हलका झाला. पुढे भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण आले तेव्हा त्यांची फार कोंडी झाली. माणसं वाढली तर वाटा कमी होतो, आणि माणसं वाढली तर खर्च वाढून कर्जही वाढतं. या पेचात ते महिनाभर अडकले होते. आक्काला मात्र पेच पडला नाही. चार मुलं झाली होती, तिने दवाखाना गाठला आणि आल्यावर सांगितलं.

देशाचं कर्ज फेडायचं कुणी, याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं. "पंगतीत जेवलो तर आपली पत्रावळ आपन उचलायची. मागल्या पंगतीला उष्ट्यावर बसवायचं न्हाई." म्हणजे आपण हयात असतानाच आपला वाटा भागवायचा, पोरांवर ठेवायचा नाही. पण इथेच अडचण होती. कर्ज फेडणार सरकार, सरकारला पैसा देणार करदाते, आणि साडूभाऊ करदाते नव्हते. त्यांचा पगार करपात्र उत्पन्नाच्या मर्यादेच्या खाली होता. हे त्यांना एखाद्या व्यंगासारखं लागायचं. चर्चेत कुणी सरकारला शिव्या घातल्या की ते गप्प बसत. कारण विचारलं तर म्हणत, फुकट जेवणाऱ्याला आमटी खारट म्हणायचा हक्क नाही.

त्यांच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या वार्षिक उत्पन्नाच्या. उत्पन्नाच्या खुणांवर तांबड्या पेन्सिलीने एक आडवी रेघ होती, ती इन्कमटॅक्सची मर्यादा. मुलं भराभर वाढली. उत्पन्नही हळूहळू वाढत रेघेजवळ जायचं, आणि मग फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर अंदाजपत्रक लागायचं. चाळीतली माणसं काड्यापेटी, चहा, कापड यांचे भाव ऐकायला जमत. साडूभाऊ कानामागे हात धरून एकाच वाक्याची वाट बघत. ते वाक्य आलं, की करमुक्त उत्पन्नाची मर्यादा वाढवण्यात येत आहे, की त्यांचे वरच्या पगाराचे शेजारी एकमेकांची पाठ थोपटत आणि साडूभाऊ उठून चौकटीपाशी जात. जुनी रेघ ओल्या बोटाने पुसायची आणि नवी चार बोटं वर मारायची. एका वर्षी आक्काने मला मुद्दाम बोलावून घेतलं, की यांनी ताट बाजूला सारलंय, तुम्ही समजवा. मी गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "भाऊ, सरकारने गरिबाला सूट दिली. चांगलंच झालं की."

"सूट कसली," ते म्हणाले, "पळत पळत फाटकापशी गेलो, तर त्यांनी गाव उचलून पुढं नेलं."

प्रत्यक्ष कर भरता येत नाही म्हटल्यावर त्यांनी अप्रत्यक्ष कराचा मार्ग धरला. विडी-सिगारेट त्यांनी जन्मात ओढली नाही. पण सिगारेटवर सरकारला भरपूर कर मिळतो असं वाचल्यापासून दर पगाराच्या दिवशी ते टपरीवरून एक पाकीट घेत आणि कँटीनमध्ये वाटून टाकत. सिगारेट तुम्ही ओढा, कर माझा, असं ते प्रत्येकाला बजावत. देशसेवेचा हा प्रकार कामगारांना फार आवडला. मराठवाड्यातल्या दुष्काळानंतर भरती झालेला एक तरुण फिटर होता. तो तर म्हणायचा, की अर्थमंत्री, देश फार अडचणीत आहे, या महिन्यात दोन पाकिटं घ्या. साडूभाऊंनी त्यावर खरोखर विचार केला होता.

मग एक वर्ष असं आलं की सरकारने महागाई भत्त्यातली निम्मी वाढ सक्तीने ठेव म्हणून कापून घ्यायचं ठरवलं. पिंपरी-चिंचवडचा सगळा कारखान्यांचा पट्टा पेटला. आमच्या गेटवर सभा झाली, युनियनच्या पुढाऱ्याने सरकारची सालटी काढली, घोषणा झाल्या, आणि सगळं शांत झाल्यावर साडूभाऊ उठून उभे राहिले. आपलंच कर्ज आहे, आपणच दिलं पाहिजे, भत्ता आनंदाने द्यावा, असं ते पाचशे कामगारांसमोर सांगायला लागले. त्या दिवशी त्यांना मार बसला नाही याचं कारण एवढंच, की निम्म्या लोकांनी त्यांच्या सिगारेटी ओढल्या होत्या. पुढारी हात जोडून म्हणाला, "अर्थमंत्री, तुमचं अंदाजपत्रक मंजूर. आता खाली बसा."

पण ते काही सरकारचे भाट नव्हते. पुढे एका अंदाजपत्रकात बड्या उत्पन्नावरचा कर बराच उतरवला गेला, तेव्हा त्यांच्याइतकं कुणीच चिडलं नाही. खालच्याचा भत्ता कापायचा आणि वरच्याला सवलत द्यायची, मग कर्ज फेडणार कोण, म्हशी, असा त्यांचा सवाल होता. वर्क्स मॅनेजर साहेब राउंडला आले तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि अदबीने विचारलं, "साहेब, राग न्हाई ना यायचा? तुमचा कर कमी झाला म्हनं. त्या उरल्या पैशाचं काय करनार?" साहेब कोल्हापूरकडचे, सरळ गृहस्थ. त्यांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, की ते घरी ठरतं, आणि घरी मला मत नाही. साडूभाऊ माझ्याकडे येऊन हळहळले. सरकारने साहेबाचा कर उतरवला, पण घरचा चालूच आहे, गरीब माणूस, असं म्हणून त्यांनी साहेबांना कायमचं माफ केलं.

आता सूचनापेटीकडे येतो. कंपनीत कामगारांसाठी एक लाकडी सूचनापेटी होती. कामात सुधारणा सुचवायची, चिठ्ठी पेटीत टाकायची, उपयोगी ठरली तर खंडेनवमीला बक्षीस. पेटी उघडायचं काम माझं. नियम असा, की प्रत्येक चिठ्ठीला पंधरा दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. साडूभाऊ दर आठवड्याला एक चिठ्ठी टाकत, आणि विषय ठरलेला: देशाची तूट. मंत्र्यांनी दौऱ्यावर घरचा डबा न्यावा. देशाच्या कर्जाचा आकडा प्रत्येक एसटी स्टँडवर गाड्यांच्या वेळांखाली रोज खडूने लिहावा, म्हणजे जाता-येता लोकांना लाज वाटेल. अशा चिठ्ठ्यांना पंपांच्या कंपनीने काय उत्तर द्यायचं? मी पुण्याहून एक रबरी शिक्का करून आणला, 'विचाराधीन'. तो त्यांच्या चिठ्ठीवर मारायचा, पोच त्यांना द्यायची आणि चिठ्ठी माझ्या खालच्या खणात. त्यांची समजूत झाली की कंपनी हे सगळं दिल्लीला पाठवते आणि तिथे विचार चालू आहे. वर्षं गेली तरी त्यांनी तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या देशाने विचार करायचा म्हणजे वेळ लागणारच, असं ते मलाच समजावत. मीही मान हलवायचो. हा काही माझा अन्याय नव्हे, ही नुसती आळशी माणसाची सोय होती. पण अन्याय तिच्यातूनच निघाला.

एक चिठ्ठी आली तिचा विषय होता परकीय चलनाची तूट. पुढच्या पानावर नेहमीचं, गंगाजळी वगैरे. शिक्का मारताना मी सहज पान उलटलं. मागे मशीनबद्दल चार ओळी होत्या. आमच्या मोठ्या ग्राइंडिंग मशीनची दगडी चाकं परदेशातून यायची. झिजून एका मापाला आली की ती भंगारात जायची. साडूभाऊंनी लिहिलं होतं, की मोठ्या मशीनला लहान पडलेलं चाक लहान मशीनवर आणखी चार-सहा महिने सहज चालेल, फक्त मधलं भोक मोठं पडतं, त्यात एक पितळी बूश, म्हणजे आतली कडी, बसवावा. खाली आकृती होती, पेन्सिलीने, अगदी नेटकी. मी ती वाचली. वाचली, समजली, आणि सवयीने 'विचाराधीन' मारून खणात टाकली.

दोन महिन्यांनी चाकांचं आयात लायसन्स अडकलं. साहेब केबिनमध्ये डोकं धरून बसले होते, मी सह्या घ्यायला गेलो होतो. काही सुचत नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की साहेब, झिजलेली चाकं लहान मशीनवर लावली तर? साहेबांनी टूलरूमला फोन केला. आठवड्यात बूश तयार झाला, चाक फिरलं, काम निघालं. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि सूचनेचा फॉर्म भरून द्यायला सांगितलं. फॉर्मवर नावासाठी एकच ओळ होती. मी साडूभाऊंचं नाव लिहिणार होतो, साहेबच घाई करत होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर पेन उचललं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर रावेतची जमीन होती. तिथला एक शेतकरी दोन गुंठे विकत होता, विसार द्यायला माझ्याकडे पैसे नव्हते, आणि बक्षीस बरोबर तेवढं होतं. मी माझं नाव लिहिलं.

आणि मला एक गोष्ट पक्की माहीत होती. त्या वर्षी सरकारने मर्यादा हलवली नव्हती. साडूभाऊ सुट्टीच्या दिवशीही ओव्हरटाइम करत होते. मार्चअखेर रेघेला दीड-दोनशे रुपयेच कमी पडतील असा हिशेब त्यांनी मला स्वतः दाखवला होता. पुण्याला इन्कमटॅक्सच्या ऑफिसात जायचं म्हणून नवा सदरा शिवून ठेवला होता. ते बक्षीस त्यांना मिळतं तर ते रेघेच्या वर जात होते. आयुष्यात पहिल्यांदा, आणि पुढचं बघता एकदाच.

खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, कँटीनमध्ये नारळ फुटले, साहेबांनी माझं नाव पुकारलं. टाळ्या सगळ्यात जास्त वेळ साडूभाऊंनी वाजवल्या. त्यांना कळलं नसेल, अशी आशा मला सायकल स्टँडपर्यंत होती. तिथे सगळ्यांच्या हँडलना झेंडूच्या माळा होत्या. आपली माळ सरळ करत त्यांनी विचारलं, "बूश कशाचा केला?"

"बिडाचा."

"पितळी लिवला व्हता मी. बीड जरा जड जातं." मग म्हणाले, "या बक्षिसानं तुमी मर्यादेच्या वर गेला आसाल, पाव्हनं. टॅक्स भरनार न्हवं?"

मी म्हटलं, "हो, भरणार."

"मग झालं. कुनाच्या हातनं गेला त्याला म्हत्त्व न्हाई, पोचला म्हंजे झालं." एवढं बोलून ते सायकलवर टांग मारून चिंचवडच्या दिशेने निघाले, आणि मी कुलपात किल्ली घालून तसाच उभा राहिलो. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण ते तरी कशावरून?

मार्चअखेर त्यांनी एकदाच विचारलं, भरला का. मी म्हटलं, भरला. ते म्हणाले, कर भरल्याचं चलन एकदा बघायचं होतं, कसं असतं ते. मी म्हटलं, ऑफिसात आहे. बक्षीस मला रोखीने मिळालं होतं, पगाराच्या कागदांवर त्याचा मागमूस नव्हता, आणि कर मी भरला नव्हता. चलनाबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढे मर्यादा अशी भराभर वर गेली की त्यांनी ओव्हरटाइम सोडून दिला. ऐंशी सालानंतर लवकरच ते निवृत्त झाले. सिगारेटचं पाकीट मात्र दर महिन्याला घ्यायचे. ओढणारे उरले नव्हते, म्हणून मारुतीच्या पारावर ठेवून यायचे. आणि मग एका आषाढात, चार दिवसांच्या तापात, गेले.

रावेतच्या त्या दोन गुंठ्यांवर माझं घर आहे. समोर बावीस मजल्यांची इमारत झाली आणि दलाल आठवड्यातून दोनदा फोन करतात. गेल्या महिन्यात मी मुलाला गाडी काढायला लावली आणि चिंचवडला आक्काकडे गेलो. आक्का आता नव्वदीजवळ आहे. तिला समोर बसवून सांगितलं, की चाकाची कल्पना भाऊंची होती, बक्षीस मी घेतलं.

आक्का म्हणाली, "म्हाईत हाय की. त्याच दिशी सांगितलं व्हतं त्यांनी."

तीच बोलत राहिली.

"मला लई राग आला व्हता तुमचा, पाव्हनं. खोटं कशाला बोलू. पर मार्चात एक दिस हे आले ते पावशेर जिलबी घिऊन. म्हनलं, कशापायी? तर म्हनले, आज आपला टॅक्स दिल्लीला पोचला. साडूनं भरला, म्हंजी घरातनंच गेला. लई हसत व्हते त्या दिशी. तसं हसताना मी त्यांना पोरीच्या लग्नात बी बघितलं न्हाई. मग माझा बी राग गेला." आणि तिने मला चहा बशीत ओतून दिला.

उरलेलं मी तिथेच सांगायला हवं होतं. सांगायला म्हणूनच गेलो होतो. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

आक्काला वाचता येत नाही. तिची नात तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवते, त्यात हे छापून आलं की हेही दाखवील. तेव्हा बाळ, एवढं आजीला जरा मोठ्याने आणि सावकाश वाचून दाखव: आक्का, तो कर मी भरला नव्हता. जिलबी मात्र खरी होती, आणि भाऊंचं हसणंही.